एक गुरू, दोन गुरुद्वारे

छोट्या दोस्तांनो,

मागे आमच्या चौथीच्या वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली. सगळ्यांनी नव्याने आलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. बिचारा अगदी रडकुंडीला आला. शेवटी पेटी बाकाखाली सापडली. मग कळलं, दोघातिघांनी ती पडताना पाहिली होती! "मग बोलला का नाहीत रे?" मी विचारलं. उत्तर आलं, "बाई, तो कुठे आपल्यातला आहे?"

त्या दिवशी मी गणिताचं पुस्तक मिटलं आणि एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

दिल्लीला गेलात, तर लाल किल्ल्यासमोरच्या चांदणी चौकात सोनेरी घुमटांचा एक गुरुद्वारा दिसेल. त्याचं नाव सीसगंज. तिथून काही किलोमीटरवर, संसद भवनाजवळ, दुसरा गुरुद्वारा आहे, रकाबगंज. दोन्ही एकाच हुतात्म्याच्या आठवणीसाठी : शिखांचे नववे गुरू तेगबहादूर. मग गुरुद्वारे दोन कशाला?

शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ सालचा, हे तुम्हाला पाठच असेल. ही गोष्ट त्याच्या पुढच्याच वर्षाची. दिल्लीच्या गादीवर औरंगजेब होता. शीख परंपरा सांगते की, काश्मीरचे पंडित गुरूंकडे पंजाबात आनंदपूरला आले. आपला धर्म सोडण्याची त्यांच्यावर सक्ती होत होती. आता कुणाकडे जायचं, असा त्यांना प्रश्न पडला होता.

आता नीट ऐका हं. हे पंडित शीख नव्हते. ते जानवं घालत. आणि पहिले गुरू नानकदेव यांनी तर लहानपणीच जानवं घालायला नकार दिला होता, असं सांगतात. म्हणजे गुरूंना सहज म्हणता आलं असतं, "आम्हाला काय त्याचं?" पण ते तसं म्हणाले नाहीत. जानवं आपण घालत नसलो, तरी ज्याला ते घालायचंय, त्याला ते घालता आलं पाहिजे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरूंना पकडून दिल्लीला आणलं. धर्म बदला, नाहीतर मरा! ते डगमगले नाहीत. त्यांच्यासोबतच्या भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला यांना त्यांच्यादेखत हाल करून मारलं. मग नोव्हेंबर १६७५ मध्ये चांदणी चौकात गुरूंचा शिरच्छेद झाला. सीसगंज उभा आहे, तो त्याच जागी.

शव उचलायचीही कुणाची छाती नव्हती. पण भाई जैता नावाच्या शिष्याने गुरूंचं शीर कपड्यात गुंडाळलं आणि लपतछपत सुमारे ३०० किलोमीटरवरच्या आनंदपूरला पोचवलं. धड उचललं लखी शाह या बंजारा व्यापाऱ्याने. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे तुम्ही पाहिले असतील. तसाच मालाची वाहतूक करणारा हा माणूस. त्याने आपल्या गाड्यांतून धड गुपचूप घरी नेलं. पण उघड्यावर चिता पेटवली तर सैनिक धावून येणार! मग त्याने काय केलं असेल?

त्याने आपलं राहतं घरच पेटवून दिलं! लोकांना वाटलं, घराला आग लागली. आणि त्या आगीत गुरूंचे अंत्यसंस्कार झाले. ती जागा म्हणजे रकाबगंज. कळलं ना आता, दोन गुरुद्वारे का ते? पुढे १७८३ साली सरदार बघेलसिंगांनी दिल्लीतल्या या जागा शोधून तिथे गुरुद्वारे उभारले.

गुरूंचा मुलगा गोविंदराय तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याएवढाच! तेच पुढे गुरू गोविंदसिंग झाले. १७०८ साली आपल्या नांदेडला त्यांनी देह ठेवला. तिथला हुजूर साहिब तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

दोस्तांनो, ही गोष्ट एका धर्माने दुसऱ्याचा राग धरावा म्हणून नाही हं. राग धरायचा तो जबरदस्तीचा. आपल्या माणसांसाठी तर कुणीही धावतं. जो आपल्यातला नाही, त्याच्यासाठी उभं राहणं अवघड.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग चिडीचूप होता. मधल्या सुट्टीत पाहते तर काय, त्या नव्या मुलाच्या डब्याभोवती तिघेजण बसले होते. पेटी पडताना पाहणारे तेच तिघे!

तुमच्या वर्गात असा कुणी एकटा आहे का? उद्या जरा बघा.

तुमच्या,
बाई