गाडी वर, डोकं जागेवर!

स्पोर्ट्स कार घरच्या घरी जॅकवर घ्यायचीय? जरूर घ्या. पण आधी एक प्रश्न पाठ करून टाका... गाडी आत्ता नक्की कशावर उभी आहे?

पहिली नोकरी, दुसरी नोकरी, मग एखादं ऑनसाइट... आणि एक दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्या स्विफ्ट आणि क्रेटांच्या रांगेत एक सेकंडहँड झेड-फोर नाहीतर बॉक्सस्टर येऊन उभी राहते. दोन सीटा, खाली वाकून बसायचं, आणि शेजारचे काका न चुकता विचारणार, 'ॲव्हरेज किती देते रे?'

काकांना हसून टाळता येतं. पहिल्या सर्व्हिसचं बिल मात्र टाळता येत नाही. मग रविवारी सकाळी आपल्यातला मेकॅनिक जागा होतो. ब्रेक पॅड बदलणं, चाकं काढून आतून साफ करणं, ऑइल बदलणं... नेटवर बघून यातलं बरंच काही जमतं. छंद म्हणून तर सॉलिडच! फक्त एक गोची आहे. अशा व्हिडिओत गाडी बहुतेक वेळा आधीच वर गेलेली असते. ती वर कशी गेली आणि तिथे कशाच्या जोरावर थांबलीय, तो भाग एडिटिंगमध्ये उडतो. आणि जिवाशी खेळ आहे तो नेमका त्याच भागात. म्हणून आजचा कॉलम फक्त तेवढ्यासाठी.

जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

सगळ्यात मोठा फंडा हाच, त्यामुळे आधी तो क्लिअर करू. हायड्रॉलिक जॅकचं पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांना १८५१ साली मिळालं. आजही आतली भानगड तीच आहे. दांडा हलवला की लहान पिस्टन तेल ढकलतो आणि मोठा पिस्टन गाडी उचलतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून आपल्या एका हातानं पाच-सातशे किलो वर जातात.

पण हे सगळं वजन एका रबरी सीलवर आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर तोललेलं असतं. सील झिजलं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, तर गाडी हळूहळू खाली बसते. दांड्याला धक्का लागून व्हॉल्व्ह उघडला तर हळूहळूसुद्धा नाही, धाडकन! गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका, हे मॅन्युअलमध्येही छापलेलं असतं. आपण मॅन्युअल वाचत नाही, तो भाग वेगळा.

जॅक स्टँडचं काम वेगळं. गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. त्यात तेल नाही, सील नाही. लोखंडी पाय, दातेरी दांडा आणि दात्यात अडकणारी खिट्टी, किंवा आरपार जाणारी पिन. वजन लोखंडावरून थेट जमिनीवर. जॅकनं गाडी उचलायची आणि लगेच स्टँडच्या स्वाधीन करायची. दोन सीटची स्पोर्ट्स कारही साधारण १३०० ते १५०० किलोची असते. तिची एक बाजू उचलली तर निम्मं वजन आलं, म्हणजे आपल्या टीममधले दहा जण. ते दहा जण छातीवर बसलेले चालतील का, एवढाच विचार करा.

आधी जागा बघा

सपाट आणि कडक जमीन हवी. सिमेंटचा कोबा बेस्ट. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक बेभरवशाचे, कारण खालची वाळू सरकली की एकच ब्लॉक खचतो आणि स्टँड तिरका होतो. डांबरावर एप्रिल-मेच्या उन्हात स्टँडचे पाय चक्क रुततात. दुसरी जागाच नसेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा चांगला रुंद तुकडा टाका. मेकॅनिकल पार्किंगच्या पॅलेटवर हा उद्योग नकोच. आणि पार्किंगमध्ये काम करायला सोसायटीची परवानगी आहे ना, तेही आधी विचारून घ्या.

उताराचं तर नाव काढू नका. 'स्टार ट्रेक'मधला तरुण नट अँटन येल्चिन जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःच्या घरासमोर गेला. रेस लावताना नाही, जॅक लावतानाही नाही. घरासमोरच्या उतारावर उभी केलेली त्याची जीप मागे घरंगळत आली आणि तो जीप आणि गेटजवळचा विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडला. उभी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे.

चाकं कोण धरून ठेवतंय?

हँडब्रेक जवळपास सगळ्या गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो. झेड-फोर किंवा बॉक्सस्टरला इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते. म्हणजे गिअरमध्ये ठेवा, पार्कमध्ये ठेवा, अडकतात ती मागचीच चाकं. आता मागची बाजू उचला. हँडब्रेकही गेला, गिअरही गेला! जमिनीवर उरली पुढची दोन मोकळी चाकं.

मागचं एकच चाक उचललं तरी गिअरचा भरवसा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल गडगडतं. त्या वेळी गाडी धरतो तो फक्त जमिनीवरच्या चाकाचा हँडब्रेक.

उपाय आपल्या एसटीवाल्यांना कधीचाच माहीत आहे. घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड! आपण दगडाऐवजी रबरी किंवा लाकडी ठोकळे वापरू. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत, त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकळे. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये. चाक काढायचं असेल तर त्याचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच पान्यानं थोडे सैल करून घ्या. गाडी वर गेल्यावर पान्याला लाथ घालणं म्हणजे स्टँडवरून गाडी ढकलण्यासारखंच आहे.

स्पोर्ट्स कारचे खास नखरे

पहिला नखरा उंचीचा. पोटाखाली जेमतेम १०-१२ सेंटिमीटर जागा, आणि बाजारातला साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी बरेचदा त्याहून उंच. लो-प्रोफाइल जॅक घ्या. पुढचं बंपर लांब असेल तर चाकं आधी तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या लांब, रुंद फळ्यांवर चढवा. तेवढ्यानं जॅक आत जातो.

दुसरा नखरा पॉइंटचा. जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात, बहुतेक गाड्यांत चार, चाकांच्या जवळ. दोन इंच इकडेतिकडे झालं की प्लॅस्टिकचं साइड स्कर्ट गेलं, नाहीतर पत्रा चेपला. ऑइलचा संप, गिअरबॉक्स, मधला पत्रा यांना जॅक लावायचाच नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर मधल्या पत्र्याच्या जागी बॅटरी असते. २०२५ मध्ये भारतात आलेली एमजी सायबरस्टर हे त्याचं उदाहरण. तिथे चुकीच्या जागी जॅक लावला तर खर्च फक्त डेंटिंगचा राहणार नाही. जॅकच्या वाटीवर रबरी पॅड ठेवा आणि मॅन्युअलमधलं चित्र मोबाइलमध्ये फोटो काढून सोबत ठेवा.

तिसरा नखरा खरा डोकेदुखीचा. जॅकला हवी तीच जागा स्टँडलाही हवी! चार पॉइंट, त्यातल्या एकावर जॅक बसलेला, मग स्टँड ठेवणार कुठे? यावर दोन मार्ग आहेत. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मधला जॅक पॉइंट दिलेला असतो, पुढे क्रॉसमेंबर, मागे डिफरन्शियल. उदाहरणार्थ माझदाच्या जुन्या मिआटा. तिथे जॅक मध्ये लावायचा आणि स्टँड दोन्ही बाजूंच्या पॉइंटखाली. पण हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तरच! मित्राच्या गाडीला चालतं म्हणून आपल्याला चालेलच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे खास या भानगडीसाठी मिळणारे स्टँड. त्यांचा मधला भाग जॅकवर ठेवून गाडीसकट वर न्यायचा, दोन्ही बाजूंनी पाय अडकवायचे, आणि जॅक मधून काढून घ्यायचा.

अजून एक गंमत. या गाड्यांची बॉडी इतकी ताठ असते की बॉक्सस्टरसारख्या गाडीत मागचा एक पॉइंट उचलला की त्याच बाजूचं पुढचं चाकही वर येतं. घाबरू नका, पण ठोकळे लावताना हे लक्षात ठेवा. जे चाक वर जाणार आहे, त्याला लावलेल्या ठोकळ्याचा काही उपयोग नाही.

आता उचला, हळू

गाडी वर जाते ती सरळ रेषेत नाही, कमानीत. म्हणून ट्रॉली जॅकला चाकं दिलेली असतात. उचलताना त्याला थोडं पुढेमागे सरकू द्या. खडा आडवा आला आणि जॅक अडकला, तर जॅकऐवजी वरची वाटीच पॉइंटवरून घसरते. चार-पाच पंप मारा, थांबा, वाकून बघा. पुन्हा चार-पाच.

हव्या त्या उंचीला आली की स्टँड पॉइंटखाली ठेवा. खिट्टी दात्यात पूर्ण बसलीय, लॉकची पिन असेल तर ती आरपार गेलीय, चारही पाय जमिनीला टेकलेत, हे हातानं चाचपून बघा. मग व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून वजन स्टँडवर सोडा.

बहुतेक कामांना दोन चाकं वर पुरतात. सुरुवात तिथूनच करा. चारही उचलायचीच असतील तर पुढची बाजू आधी घ्या, कारण तोवर मागचा हँडब्रेक शाबूत असतो. पण स्टँड सगळ्यात खालच्या खाचेवर. मग मागची बाजू, तीही खालच्याच खाचेवर. मग पुन्हा पुढे एक खाच. एक टोक एकदम आभाळात नेऊन दुसरं उचलायला गेलात तर गाडी झुकते आणि आधीचे स्टँड तिरके होतात.

स्टँड घेताना त्यावरचा टनाचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, हे दुकानदाराला विचारा. ब्रँड मोठा म्हणून डोळे मिटू नका. अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीला २०२० मध्ये १७ लाखांहून जास्त जॅक स्टँड परत मागवावे लागले. खिट्टी दात्यात नीट बसत नव्हती आणि वजनाखाली स्टँड अचानक खाली येण्याचा धोका होता. त्याच वर्षी बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. म्हणून प्रत्येक वेळी दाते, खिट्टी आणि वेल्डिंग बघायचं. नवाकोरा असला तरी!

खाली शिरण्याआधी

गाडीला धक्का द्या. बाहेर उभं राहून, दोन्ही हातांनी, आडवा आणि उभा. स्टँड हलला, कुरकुरला, तर गाडी उतरवा आणि पहिल्यापासून सुरू करा. पडायचीच असेल तर ती तुम्ही बाहेर असताना पडू दे.

मग दुसरी तटबंदी. काढलेलं चाक आडवं करून पॉइंटजवळ गाडीखाली सरकवा. जॅकही काढून ठेवू नका, जवळच्या मजबूत जागेला नुसता टेकवून ठेवा. उद्या स्टँडनं दगा दिलाच, तर गाडी चाकावर अडेल, तुमच्यावर नाही.

आणि एकटे असाल तर खाली शिरू नका. घरात कुणाला तरी सांगा, 'मी खाली आहे, दर दहा मिनिटांनी हाक मार.' मोबाइल खिशात ठेवा, बॉनेटवर नाही. आई म्हणेल, 'गॅरेजवाल्याला पैसे द्यायला काय होतंय?' म्हणू दे. पण हाक मारायचं काम तिला जरूर द्या, ती विसरणार नाही!

उतरवताना

काम झालं की घाई होते आणि बोटं सापडतात ती इथेच. आधी खाली नजर टाका. पाना, ट्रे, आणि हो, सोसायटीचं मांजरसुद्धा. चाक बसवून बोल्ट हातानं आवळा, जॅकनं थोडं उचला, स्टँड काढा, मग हळू खाली. शेवटचं आवळणं जमिनीवर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं. ठोकळे सगळ्यात शेवटी.

हे कधीच नाही

• विटा, सिमेंटचे ब्लॉक, फरशांची चळत. सिमेंटचा ब्लॉक वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो.
• नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय किंवा डोकं. 'दोन मिनिटांचं काम' असलं तरी नाही.
• गाडी वर असताना आत कुणी बसणं, दार आपटणं, इंजिन सुरू करणं.
• घट्ट बोल्ट सोडवण्यासाठी स्टँडवरच्या गाडीला हिसके. जोर लावायचाच असेल तर गाडी खाली घ्या.

एवढं सगळं वाचून 'छे, गॅरेजच बरं' असं वाटलं, तर त्यात काही कमीपणा नाही. टू-पोस्ट लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये द्या आणि शेजारी उभं राहून बघा. पण स्वतः करायचं ठरवलंत, तर दर पायरीला थांबून तोच प्रश्न विचारा. गाडी आत्ता कशावर उभी आहे? उत्तर 'तेलावर' असेल तर बाहेर थांबा. उत्तर 'लोखंडावर, आणि ते मी हलवून बघितलंय' असं आलं, तरच खाली शिरा.

आणि काकांना सांगा, ॲव्हरेज नंतर बघू. आधी जरा ते ठोकळे धरा!