फळीवरचा मासा

दवाखाना माझा शिरूरला आणि सासुरवाडी दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. त्यामुळे न्हावऱ्याच्या रस्त्याने माझे येणे-जाणे कायमचेच. यंदा जानेवारीत मेहुण्याच्या शेतावर जेवणाचे आमंत्रण होते. उजनीच्या फुगवट्यातली ताजी चिलापी आणलेली, पाहुणे जमलेले, बाहेर मोकळ्यावर निखारे फुललेले. सगळे नेहमीसारखे होते, फक्त कढई दिसेना. बायकोचा भाचा म्हणाला, "मामा, आज मासा फळीवर भाजायचा. मोबाईलवर बघितलंय. अमेरिकेत असंच करतात."

खरे आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे साल्मन नावाचा मासा देवदारासारख्या सुवासिक लाकडाच्या फळीवर ठेवून भाजतात. फळी आधी तास-दोन तास पाण्यात भिजवायची, वर मासा मांडायचा आणि ती सरळ निखाऱ्यावरच्या जाळीवर ठेवायची. खालून लाकूड करपते, आतले पाणी वाफ होऊन वर येते आणि मासा वाफेवर व धुरावर हलके हलके शिजतो. तेल कमी लागते, मासा जाळीला चिकटत नाही आणि थेट ज्वाळेवर जळतही नाही. आरोग्याच्या दृष्टीने या पद्धतीला नावे ठेवावीत असे काही नाही. तळलेल्यापेक्षा बरीच, असेच मी म्हणेन.

पोरांनी बादलीत पाच-सहा फळ्या भिजत घातल्या होत्या. भाच्याने मला विचारले, "मामा, वापरून झाल्या की धुऊन परत वापरता येतील ना? किती वेळा?" मी एक फळी उचलून उजेडात धरली. कडेला गव्हाच्या लोंबीचे चित्र आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे छापलेली. एका टोकाला खिळ्याची दोन भोके, मध्ये काळपट तेलकट डाग. "कुठून आणल्या रे?" म्हटल्यावर त्याचा मित्र सांगू लागला, "भंगारवाल्याकडून. कंपनीतल्या पॅलेटच्या आहेत. पण रंधा मारून घेतल्यात, डॉक्टर!"

वाचक हो, "किती वेळा वापरायची" हा प्रश्न नंतरचा. फळी आपल्याकडे येण्याआधी काय करत होती, हा पहिला.

आपल्या दोन्ही तालुक्यांत औद्योगिक वसाहती आहेत. शिरूरकडे रांजणगाव, दौंडकडे कुरकुंभ. यंत्राचे सुटे भाग, पिंपे, पोती लाकडी पॅलेटवर ठेवून येतात आणि पॅलेट मोडले की भंगारात जाते. तिथून ते कुठे जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कोंबड्यांचे खुराडे, बांधकामाची फळी, ढाब्याच्या भट्टीचे जळण आणि आता माशाखालची फळी. ज्या पॅलेटवर रसायनाचे पिंप गळले, त्यावर रंधा मारला म्हणून लाकडाच्या आत मुरलेले निघत नाही. लाकूड पाणी पिते तसे इतरही पातळ पदार्थ पिते.

ती लोंबीची खूण परदेशी ये-जा करणाऱ्या लाकडावर असते. लाकडातून किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ती मोहर. खाली 'एच.टी.' असेल तर लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून अर्धा तास तसा ठेवला आहे असे समजायचे. 'एम.बी.' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. असले लाकूड अन्नाजवळ आणूच नये. पण 'एच.टी.' दिसले म्हणजे फळी स्वयंपाकाला चालते असेही नाही. ती मोहर किड्यांपुरती आहे. नंतर त्या फळीवर काय सांडले हे ती सांगत नाही. बिनमोहरेच्या फळीबद्दल तर बोलायलाच नको.

दौंडकरांना आणखी एक सांगायला हवे. दौंड रेल्वेचे जंक्शन. रुळांखाली आता काँक्रीटचे स्लीपर आहेत, पण जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे अजून कुणाच्या परसात, कुणाच्या गोठ्यात पडलेले असतात. मऊ जातीच्या लाकडाचे स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचे डांबरासारखे तेल पाजत असत. ते कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांत मोडते. असे लाकूड चुलीत घालू नये, त्याची फळी करू नये आणि त्यावर मटणही तोडू नये. तसेच हिरवट झाक असलेल्या लाकडाचे. वाळवी लागू नये म्हणून काही लाकडाला तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे द्रावण दिलेले असते. ते जाळले की आर्सेनिक धुरातही जाते आणि राखेतही उरते. आणि राखेने भांडी घासणारी घरे आपल्याकडे अजून आहेत.

त्या रात्री फळ्या बादलीतच राहिल्या. मासे सरळ जाळीवर भाजले. थोडे चिकटले, थोडे तुटले. भाचा जरा हिरमुसला. म्हणून त्याला शब्द दिला की, योग्य फळी कोणती आणि ती कशी राखायची हे नीट लिहून देतो. तो हा मजकूर.

लाकूड घ्यायचे तर ओळखीच्या सुताराकडून, ओळखीच्या झाडाचे. रंग, पॉलिश, गोंद, प्लायवूड काही नको. कण्हेरीसारखे विषारी झाड तर अजिबात नको. नदीकाठाला आणि पाटाकडेला माजलेली वेडी बाभूळ मात्र याला चालेल. हिच्याच कुळातल्या 'मेस्कीट' झाडाच्या धुरावर टेक्सास-मेक्सिकोकडचे लोक मांस भाजतात आणि त्या लाकडाला मान देतात. आपण तिला शिव्या देतो. असो. फळी बोटभर जाड आणि पूर्ण वाळलेली असावी. भाजण्यापूर्वी तासभर भिजवावी. भाजून झाल्यावर गरम पाणी आणि काथ्याने घासावी. साबण लावू नये, कारण लाकूड तो पिते आणि पुढच्या माशाला परत देते. मग सावलीत, वारा लागेल अशी उभी करून दोन दिवस वाळवावी. भिंतीला सपाट टेकवली तर मागची बाजू ओली राहते.

तिकडचे लोक एक फळी दोन-तीनदा वापरतात. आपल्या हवेत मी दोनदाच म्हणेन. माशाची चरबी लाकडात उतरते आणि आपल्या उन्हाळ्यात ती आठवड्यात खवट होते. फळी अर्ध्याहून जास्त कोळसा झाली असेल, किंवा वाळल्यावरही उग्र वास येत असेल, तर तिचे तुकडे करून पुढच्या वेळी निखाऱ्यावर टाकावेत. माशाला चिकटलेला काळा थर खरवडून टाकावा. आवडीने खाऊ नये.

आता जरा घरात येऊ. शेतावरची फळी वर्षातून दोनदा निघणार, पण पोळपाट रोज निघतो. आणि इथे मला माझीच एक चूक कबूल करायची आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकीला सांगत असे, "लाकडी वस्तू स्वयंपाकघरातून काढा. लाकडात जंतू बसतात. प्लास्टिक घ्या, धुवायला सोपे." कॉलेजात तसेच शिकलो होतो. घरी आई भाकरीचे पीठ लाकडी काठवटीत मळत असे. तिलाही सांगितले. ती म्हणाली, "अरे, याच काठवटीतलं खाऊन डॉक्टर झालास ना?" मी हसलो आणि स्टीलची परात आणून दिली. काठवट माळ्यावर गेली.

पुढे वाचनात आले ते वेगळेच होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी व प्लास्टिकच्या फळ्यांवर मुद्दाम जंतू सोडून पाहिले. ते काम १९९४ साली प्रसिद्ध झाले. लाकूड प्लास्टिकइतके सुरक्षित कसे करता येईल, हे शोधायला ते निघाले होते. आढळले असे की, लाकडावर टाकलेले जंतू लाकडाच्या नळ्यांतून आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत आणि लाकूड वाळले की हळूहळू मरतात. नवे गुळगुळीत प्लास्टिक सहज साफ होते. पण सुरीचे चरे पडलेले जुने प्लास्टिक हाताने धुऊन स्वच्छ होईना, जंतू त्या चऱ्यांत टिकून राहत होते. आपल्याकडे प्लास्टिकचा बोर्ड चरे पडले म्हणून कोणी टाकतो का? मी तरी पाहिलेला नाही.

याचा अर्थ लाकूड जादूचे आहे असा नाही. सगळी मेख 'वाळले की' या दोन शब्दांत आहे. रात्रभर मोरीत ओला पडलेला पोळपाट, पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलेले लाटणे, पिठाने भरलेली चीर, या गोष्टी लाकूड असो की आणखी काही, पोट बिघडवायला पुरेशा आहेत. पावसाळ्यात तर पोळपाटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या खाचांत पांढरी बुरशी येते. ती बाजू कोणी उलटून पाहत नाही. आज घरी गेल्यावर जरा पाहा.

पोळपाट पोळ्या झाल्या की लगेच खरवडावा, गरम पाण्याने धुवावा, पुसावा आणि उभा ठेवावा. चैत्र-वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात दिवसभर टाकला तर तडकतो, सकाळचे तासभर ऊन पुरे. वास येत असेल तर जाड मीठ आणि लिंबाच्या फोडीने घासावा. वर्षातून दोन-तीनदा लाकडाला तेल पाजावे. शेंगदाण्याचे तेल चिकट आणि खवट होते. खोबरेलाचा पातळ हात पुरतो, किंवा औषधाच्या दुकानातले साधे, बिनवासाचे लिक्विड पॅराफिन. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसाचे तेल मात्र घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते दारे-खिडक्यांसाठी असते. रंगीत लाटणीही मुलांच्या भातुकलीपुरतीच ठेवावीत. रंग झिजतो तो पोळीतच जातो.

चिरेत नख शिरू लागले की पोळपाट बदलावा. त्यात बचत पाहू नये.

खाटिकाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका पाहून नाक मुरडणारी मंडळी पुष्कळ आहेत. पण २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनीही मटणाच्या दुकानात लाकडी ठोकळ्याला बंदी केलेली नाही. लाकूड टणक आणि भरीव असावे आणि रोज त्यावर मिठाचा थर द्यावा, एवढी अपेक्षा आहे. जुने खाटीक नियम होण्याआधीपासून हेच करत आले. दुकान बंद करताना सुऱ्याने वरचा थर खरवडायचा आणि वर मूठभर जाडे मीठ पसरायचे. मीठ ओल शोषते. तुमच्या दुकानदाराच्या ओंडक्यावर संध्याकाळी मीठ दिसते का ते पाहा, आणि नसेल तर विचारा. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय मीठ पडत नाही, हा माझा अनुभव.

जुलाब-उलट्यांचे जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांत घरच्या घरी गडबड झालेले बरेच असतात. एकदा एकाच घरातली चौघे आली. चिकन सगळ्यांनी खाल्ले होते, ते चांगले शिजलेले होते. मग? खोदून विचारल्यावर कळले की, कच्चे चिकन ज्या बोर्डवर कापले त्यावरच, वरवर पाणी ओतून, काकडी आणि कांदा चिरला होता. घरच्या आजी तेवढ्या बचावल्या, कारण त्यांना दात नव्हते आणि कोशिंबीर खाता येत नव्हती. बोर्ड प्लास्टिकचा होता, हे जाता जाता सांगतो. कच्च्या मांस-मासळीची फळी वेगळी आणि तशीच खायच्या भाजी-फळांची वेगळी, हे ज्या घरात पाळतात तिथे लाकूड की प्लास्टिक हा वाद मिटल्यातच जमा आहे. फळीला एका टोकाला भोक पाडून सुतळी बांधावी. लाल सुतळी मटणाची, पांढरी भाजीची. वाचता न येणाऱ्यालाही कळते, आणि टांगल्यामुळे फळी वाळतेही.

भाच्याने बाभळीच्या चार फळ्या कापून घेतल्या आहेत, त्या वाळायला ठेवल्यात. पॅलेटच्या फळ्या जाळू नकोस एवढे बजावले होते. त्याने त्यांचे मोटारपंपाच्या घरात मांडणीचे फळे केले.

आईची काठवट मी मध्यंतरी माळ्यावरून काढली. इतकी वर्षे कोरडी पडून बुडाला आरपार तडा गेला होता. सुतार म्हणाला, "डॉक्टर, रोज पाणी-पीठ लागत असतं तर ही अजून एक पिढी चालली असती." आई आता नाही. काठवटीत आम्ही कांदे ठेवतो.