शेवटच्या तासातला कौल

पंचमित्रहो,

परीक्षा संपल्या की मैदानं भरतात. शालेय स्पर्धा, ऑफिसांच्या लीग, अकादमींचे सराव सामने. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा, आणि रविवारी विजेच्या प्रकाशात तिसराही. मानधन सामन्यामागे मिळतं, त्यामुळे नाही म्हणवत नाही. म्हणूनच या अंकात नियमांचं एखादं कलम न घेता थकव्याविषयी लिहितो आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना, त्या दिवसातला माझा दुसरा सामना, शेवटचा तास. डावखुरा फिरकी गोलंदाज ओव्हर द विकेट टाकत होता. चेंडू पॅडवर आदळला, सगळे एका सुरात ओरडले आणि मी पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलाला पायचीत दिलं. संध्याकाळी लोकलमध्ये बसल्यावर तो चेंडू पुन्हा डोळ्यांसमोर आणू लागलो, तर टप्पाच आठवेना. लेग स्टंपच्या बाहेर होता की रेषेत? खरं सांगायचं तर टप्पा मी पाहिलाच नव्हता. पॅडवर लागलेला चेंडू दिसला होता, उरलेलं चित्र अपीलने भरून काढलं होतं.

थकवा पायांत येतो तेव्हा आपल्याला कळतो. डोळ्यांत आणि लक्षात येतो तेव्हा कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का निसटतात, हे शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक साधी चाचणी केली. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा मधूनच एकदम दोन घरं उडी मारायचा, ती उडी तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागली. आपण तर दिवसाची नव्वद षटकं उभे राहतो. म्हणजे ५४० चेंडू, त्यांतले निम्मे गोलंदाजाच्या टोकाकडून. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्यात पुढचा पाय, टप्पा, बॅट आधी की पॅड आणि चेंडूची दिशा हे सगळं टिपायचं असतं.

मोठ्या क्रिकेटने ही मर्यादा मान्य केली आहे. डिसेंबर २०१९मध्ये भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातल्या मर्यादित षटकांच्या सामन्यांत पुढच्या पायाचा नोबॉल पाहण्याचं काम तिसऱ्या पंचाकडे देऊन पाहिलं गेलं. क्रीजवरून नजर उचलून चेंडूवर नेण्याची ती धावपळ वाचली. शिवाय तिथे डीआरएस आहे. आझाद मैदानावर यातलं काहीच नाही. तिथे एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्याच्या मिडऑनला खेटून उभा असतो, आणि दमलेल्या कानाला शेजारच्या खेळपट्टीवरची टक् आपल्याच फलंदाजाची कड वाटू शकते. तिथला आपला कौल शेवटचा असतो, म्हणून थकव्याची काळजीही आपणच घ्यायची.

पहिली गोष्ट म्हणजे, सहा तास सलग एकाग्र राहायचा प्रयत्न सोडा. चेंडू डेड झाला की नजर सैल सोडा, लांबच्या झाडाकडे पाहा. गोलंदाज रनअपकडे वळला की काउंटर तपासा आणि तो धावू लागला की पूर्ण जागे व्हा. स्क्वेअर लेगला दम जरूर घ्या, पण पॉपिंग क्रीजच्या मागे लेग साइडला दोनाहून जास्त क्षेत्ररक्षक नाहीत ना, हे प्रत्येक चेंडूआधी मोजा. दमलेला पंच आधी इथे चुकतो. षटकातले दोन चेंडू उरले की जोडीदाराला खूण करायची सवय सामना कितीही लहान असला तरी मोडू नका. तहान लागली नसली तरी ड्रिंक्सला पाणी प्या आणि दुपारी पोटभर जेवून उभे राहू नका.

दुसरी गोष्ट कौलाची. अपील झाल्यावर मनातल्या मनात चेंडू टप्प्यापासून पुन्हा पाहा. चित्रात कुठे रिकामी जागा दिसली, तर फलंदाज नाबाद. शंकेचा फायदा त्याला द्यायची आपली जुनी रीत आहे आणि आपल्याला न दिसलेली गोष्ट ही सगळ्यात मोठी शंका.

तिसरी विनंती नेमणुका करणाऱ्यांना. दिवसात दोन सामने असतील तर तीन पंच बोलवा आणि आळीपाळीने एकाला अर्धा दिवस सावलीत बसू द्या. एका पंचाचं मानधन वाढेल, पण मंडप आणि चषकांवरच्या खर्चापुढे ते फार नाही. ‘मला आज झेपणार नाही’ म्हणणाऱ्या पंचाचं नाव पुढच्या यादीतून गाळू नका. तो प्रामाणिकपणे सांगतो आहे.

या महिन्यात फोन येईल, ‘अहो, एक पंच आला नाही, संध्याकाळचाही घ्याल का?’ हो म्हणण्याआधी त्या सामन्याचं शेवटचं षटक डोळ्यांसमोर आणा. तिथे एक मुलगा पॅड बांधून उभा असेल, वर्षभर पहाटे उठून सराव केलेला. त्याचा टप्पा तुम्हाला दिसणार असेल, तरच हो म्हणा.

– संपादक