यंत्रमानव कपाटात का राहतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या शाळेत रोबो, म्हणजे यंत्रमानव, तयार करण्याचे साहित्य आले असेल. कुठे ते शासकीय योजनेतून येते. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण सर्वच शाळांची निवड होत नाही. मग गावातील एखादी सेवाभावी संस्था, रोटरी किंवा लायन्ससारखा एखादा क्लब पुढे येतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, टाळ्या पडतात. पुढे काय होते?

मी डोळ्यांनी पाहिलेली एक हकीकत सांगतो. असा समारंभ झालेल्या एका शाळेत मी दोन वर्षांनी गेलो. साहित्य कपाटात कुलूपबंद होते. मोटारींवरचे प्लॅस्टिकचे वेष्टनदेखील निघाले नव्हते. बॅटऱ्या तेवढ्या फुगल्या होत्या. विज्ञानाचे शिक्षक संकोचून म्हणाले, "प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. मुलांच्या हातून मोडली तर भरून कोण देणार? आणि करून करून करायचे तरी काय? गाडी पुढे जाते, मागे येते. ते एका तासात झाले."

मला त्या शिक्षकांचा राग आला नाही. देणाऱ्यांनी मोडतोडीचा विचार केला नव्हता, आणि या यंत्रांना काम कोणते द्यायचे हेही कोणी सुचवले नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की, सेवाभावी क्लबने शाळेला साहित्य जरूर द्यावे, पण त्याच्या आधी एक प्रश्न द्यावा. तो प्रश्न गावातल्या खऱ्या माणसाच्या खऱ्या अडचणीचा असावा.

हे क्लबला जमेल का? जमेल. याला इतिहासाचा आधार आहे. १९३० साली अमेरिकेतील पिओरिया या शहरात लायन्स क्लबचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिले. त्याच्या हातातली काठी काळी होती. काळ्या रस्त्यावर ती वाहनचालकांना दिसतच नव्हती. क्लबने काठ्यांना पांढरा रंग दिला, त्यावर लाल पट्टा ओढला आणि त्या वाटल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पांढरी काठी हाती असलेल्या व्यक्तीला रस्त्यावर आधी वाट द्यावी, असा नियम त्या शहराने केला. त्यापूर्वी, १९२१ साली, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अपघातात दृष्टी गमावलेल्या जेम्स बिग्ज यांनी स्वतःच आपली काठी पांढरी रंगवली होती. दोन्ही ठिकाणी खर्च एका रंगाच्या डब्याचा. अडचण मात्र कोणीतरी नीट पाहिली होती किंवा स्वतः भोगली होती.

आता त्या काठीची मर्यादा पाहा. ती जमिनीवरचा दगड किंवा खड्डा सांगते; पण गुडघ्याच्या वर असलेली वस्तू, उदाहरणार्थ लोंबणारी फांदी किंवा उघडी खिडकी, तिला कळत नाही. दिल्लीच्या आयआयटीत विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून यावर उपाय निघाला. 'स्मार्टकेन' नावाचे हे उपकरण २०१४ साली वापरात आले. ते पांढऱ्या काठीच्या मुठीला बसते, श्राव्यातीत ध्वनी सोडते आणि सुमारे तीन मीटरपर्यंतचा अडथळा कंपनांनी हाताला कळवते.

गंमत अशी की, याच तत्त्वावर चालणारा संवेदक तुमच्या शाळेच्या कपाटातही असण्याचा संभव आहे. तो सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांचा ध्वनी सोडतो. आपल्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची असते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अडथळा एक मीटरवर असेल तर जाऊन येऊन अंतर दोन मीटर. म्हणजे प्रतिध्वनी सुमारे ०.००६ सेकंदात परत येतो. वेळ मोजा, अंतर कळते. पण दोरीवर वाळत घातलेली गोधडी समोर आली तर? मऊ कापड ध्वनी शोषून घेते आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. तिरक्या पत्र्यावरून तो भलतीकडेच जातो. हे प्रश्न वर्गात सुचत नाहीत. अंध व्यक्तीबरोबर एक गल्ली चालून गेले की लगेच सुचतात.

यावर कोणी म्हणेल, मग रोबोच्या स्पर्धा वाईट आहेत का? मुळीच नाही. स्पर्धेमुळे उत्साह येतो, मुदतीत काम करण्याची सवय लागते. अमेरिकेत १९८९ साली डीन केमेन यांनी स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ साली एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. त्या वेळी २८ संघ होते. पण त्या उपक्रमाचे खरे बळ मला वेगळेच वाटते. तिथे काम करणारे अभियंते मुलांच्या शेजारी बसून यंत्र जुळवतात. नुसता साहित्याचा खोका दिला असता तर तो उपक्रम इतका वाढला नसता.

आणि माणसे तर क्लबजवळ भरपूर असतात! त्यात डॉक्टर असतो, लेथ कारखान्याचा मालक असतो, निवृत्त अभियंता असतो, मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्याला ओळखणारा कोणीतरी असतोच. शिक्षकांनी क्लबकडे तीन गोष्टी मोकळेपणाने मागाव्यात. पहिली, अडचण असलेल्या व्यक्तीची भेट. दुसरी, पंधरवड्यातून दोन तास मुलांबरोबर बसणारा एक जाणकार. तिसरी, मोडतोडीसाठी वेगळी ठेवलेली थोडी रक्कम, म्हणजे कपाटाची किल्ली शिक्षकांच्या हातात निर्धास्तपणे राहील.

मित्रांनो, तुमच्याकडेही काही काम येते. ज्याच्यासाठी उपकरण करायचे त्याला आधी विचारा. "तुम्हाला हे हवे आहे का?" या प्रश्नाचे उत्तर "नको" आले तर तेही वहीत लिहा. तयार केलेले उपकरण आधी शाळेच्या पटांगणात, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली तपासा. शाळेतला नमुना रहदारीच्या रस्त्यावर कोणाच्याही हाती देऊ नका. तिथे चूक झाली तर ती दुसऱ्याच्या जिवावर बेतते. आणि प्रयोग फसला तर लपवू नका. फसलेल्या प्रयोगाची नोंद पुढच्या वर्षीच्या मुलांना पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडते.

१५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातील शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. तोच दिवस पांढऱ्या काठीचा दिवस म्हणूनही पाळला जातो. येत्या १५ ऑक्टोबरला तुमच्या गावातल्या क्लबला शाळेत बोलवा. या वेळी हारतुरे नकोत. येताना एका अंध काकांना किंवा मावशींना बरोबर आणा, अशी विनंती करा. त्या दिवशी फीत कापायची गरज नाही. कपाटाचे कुलूप उघडले म्हणजे पुरे.