सौरडाग वाढले, म्हणून पाऊस हुकतो का?

सूर्यावरील डाग साधारण 11 वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. मात्र या काळात पृथ्वीला मिळणारी एकूण सौरऊर्जा जेमतेम 0.1 टक्क्याने बदलते. अतिनील किरणांतला बदल त्याहून मोठा असतो. ओझोनच्या थरामार्फत तो युरोपच्या हिवाळ्यावर काहीसा परिणाम करत असावा, असे अनेक संशोधक मानतात.

आणि आपला मान्सून? 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी सूर्य या चक्राच्या शिखराजवळ होता. तरी देशात जून ते सप्टेंबरचा पाऊस 2023मध्ये सरासरीच्या 94 टक्के, तर 2024मध्ये 108 टक्के झाला. 2023च्या तुटीमागे प्रशांत महासागरातला एल निनो हे मोठे कारण होते.

म्हणूनच सौरडागांवरून दुष्काळ वर्तवणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर पेरणी ठरवू नये. हवामान खात्याचा अंदाज पाहावा.