चार चौरस मीटरचं मोनॅको

मध्यंतरी ऑफिसच्या कामासाठी फ्रान्समध्ये नीसला गेलो होतो. रविवार मोकळा होता. तिथून ट्रेनने मोनॅको जेमतेम पंचवीस मिनिटांवर. म्हणजे ठाण्याहून कल्याणला जावं तेवढं! त्यात शाळेतला बाकावरचा दोस्त गेली चार वर्षं तिथल्या एका हॉटेलात शेफ. न जाऊन सांगतो कोणाला?

मोनॅकोचं स्टेशनच डोंगराच्या पोटात आहे. बाहेर आलं की कसिनो, बंदरात पांढऱ्या शुभ्र यॉट्स आणि फेरारी इतक्या, की दहा मिनिटांत आपण फोटो काढायचेही थांबतो. अख्खा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. 1869पासून इथल्या रहिवाशांना इन्कम टॅक्स नाही! दर महिन्याला सॅलरी स्लिपमधला टीडीएस बघून हळहळणाऱ्या माझ्यासारख्याला हा तर स्वर्गच वाटला.

‘‘काय रे, इथे एखादा वन बीएचके केवढ्याला पडेल?’’ मी सहज विचारलं.

तो हसला. ‘‘बस आधी खाली.’’

2024 साली इथल्या रीसेल फ्लॅट्सचा सरासरी भाव चौरस मीटरला 50 हजार युरोच्या वर होता. आपल्या भाषेत, चौरस फुटाला साडेचार लाख रुपयांपेक्षा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपल्याला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. समजा, तेवढे असले आणि सगळे पाठवले, तर किती जागा मिळेल? साधारण चार चौरस मीटर! आमच्या ठाण्याच्या फ्लॅटचं बाथरूम. शिवाय नोटरी, नोंदणी, एजंटचं कमिशन वेगळं.

रहिवासी व्हायला घर विकतच घ्यावं लागतं असंही नाही, भाड्याचंही चालतं. पण राहायला जागा, पुरेशा पैशाचा पुरावा आणि पोलिसांचा स्वच्छ दाखला हवाच. गंमत म्हणजे खुद्द मोनॅकोच्या नागरिकांनाही हा बाजार झेपत नाही. सरकार त्यांना कमी भाड्याची घरं देतं. जागा कमी पडते म्हणून समुद्रात भराव टाकणं चालूच. 2024च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झालेली ‘मारेतेरा’ ही वस्ती त्यातलीच, सहा हेक्टरांची.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जो टॅक्स सरकार घेत नाही, तो घरमालकाने आधीच भावात लावून ठेवलेला असतो.

‘‘चल, घर दाखवतो,’’ दोस्त म्हणाला. फुकटच्या सरकारी लिफ्टमधून वर गेलो, थोड्या पायऱ्या चढलो, एक रस्ता ओलांडला.

‘‘आता तू फ्रान्समध्ये आहेस.’’

ना गेट, ना पासपोर्ट. गावाचं नाव बोसोलेय. मोनॅकोत रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं बाहेरून कामाला येतात, तो त्यातलाच एक. राहतो फ्रान्समध्ये म्हणून टॅक्सही फ्रान्सला भरतो. आणि फ्रेंच नागरिक मोनॅकोत राहायला गेला तरी, 1963च्या करारामुळे त्याला साधारण फ्रान्सचाच टॅक्स लागू होतो. टॅक्स-फ्री स्वर्गात स्वयंपाक करणारा मात्र टॅक्स भरणारा!

एक खोली, एक छोटं किचन. ओट्यावर साताऱ्याहून आलेली चटणीची बरणी. चहा गाळता गाळता तो म्हणाला, ‘‘आईला वाटतं मी मोनॅकोत राहतो. सगळ्या गल्लीला सांगून बसलीय ती. म्हणून चार वर्षांत तिला इकडे बोलावलंच नाही रे.’’

माझ्या तोंडातून टॅक्सचं एकही वाक्य पुढे निघालं नाही. वीस वर्षांच्या होमलोनवर रोज कुरकुरणारा मी. पण माझी आई त्या घरात येते, चार दिवस राहते, पडद्यांच्या रंगाला नावं ठेवून जाते.

निघताना त्याला म्हटलं, ‘‘बोलाव काकूंना. चटणी संपायच्या आत.’’

तो काही बोलला नाही.

परत आल्यावर काकूंचा फोन आलाच. ‘‘काय रे, कसं आहे त्याचं मोनॅकोतलं घर?’’

‘‘लहान आहे काकू. पण खिडकीतून सगळं मोनॅको दिसतं. तुम्ही जाऊनच या एकदा.’’

यात खोटं काहीच नव्हतं. उरलेलं त्याने सांगायचं.