‘चमत्कार’ या शब्दाविरुद्ध

औषधांच्या किमतीत भाषेच्या अध्यापकांनी नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ आणि ‘चमत्कार’ या शब्दप्रयोगांआड जे झाकले जाते, ते उघडे करणे आम्ही आमचेच काम समजतो.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आनुवंशिक विकारात एसएमएन-१ हे जनुक सदोष असते; मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात आणि बाळाचे स्नायू झिजत जातात. झोल्जेन्स्मा हे औषध विषाणूच्या कवचातून त्या जनुकाची निर्दोष प्रत पेशींपर्यंत पोहोचवते. मेलेल्या पेशी मात्र ते जिवंत करीत नाही. म्हणून उपचाराआधीचा प्रत्येक दिवस मोलाचा. याला चमत्कार म्हणणे म्हणजे कित्येक वर्षांच्या संशोधनाचा कर्ताच वाक्यातून गाळणे होय. किंमतही आभाळातून पडलेली नाही. २०१९ साली अमेरिकेत ती एकवीस लाख डॉलरांहून अधिक ठरली. ठरवणारी कंपनी होती, नियती नव्हे.

२०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी सुमारे १६ कोटी रुपये जमवले. केंद्र सरकारने कर माफ केले. त्या दात्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण जिचे छायाचित्र लोकांपर्यंत पोहोचलेच नाही, तिचे काय? दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातील साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये वाढली, तीही ५० लाखांपर्यंतच.

वाक्यातला कर्ता ओळखायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. या बातम्यांतही किंमत ठरवणारा कर्ता शोधू या, आणि दात्यांचे आभार मानतानाच त्याला जाबही विचारू या.